निळू फुले आणि पडद्यावरील पाटील

आमच्या अंजूर गांवीं इतिहासाची गोष्ट निघाली, कीं ती गंगाजी नाईकांवर येते आणि १७३९ च्या वसईपाशीं थांबते. नटाचें चरित्र इतिहासांत गणावें कीं नाहीं, हा प्रश्न म्हणूनच आम्हां अंजूरकरांस नवखा वाटेल. परंतु ज्या नटानें गांवच्या सत्ताधाऱ्याचा चेहरा साऱ्या महाराष्ट्रास ओळखावयास शिकविलें, त्यास इतिहासकारानें वगळावें हें आम्हांस मान्य नाहीं.

निळू फुले (१९३०-२००९) हे आधीं राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, मग नट. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेंत माळीकाम करीत असतां ते सेवा दलाच्या कलापथकांत वावरत. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगानें त्यांचें नांव झालें, आणि १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटानें ते पडद्यावर आले. आणि समतेचा हा पाईक तेथें उभा राहिला तो जुलमी पाटील आणि सावकार होऊन! खेड्यांतील बायाबापड्या त्यांस खरेंच तसे समजून शिव्याशाप देत.

येथें अमेरिकेंतील कृष्णवर्णी नट व गायक पॉल रोब्सन यांची आठवण होते. वर्णद्वेषाविरुद्ध आयुष्य वेंचणाऱ्या या पुरुषानें १९३५ च्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या बोलपटांत आफ्रिकी सरदाराचें काम केलें. पण तयार झालेलें चित्र साम्राज्याचें स्तोत्र ठरलें. १९४२ नंतर त्यांनीं हॉलिवुडकडे पाठ फिरविली. १९५० मध्यें सरकारनें त्यांचें पारपत्र हिरावून घेतलें. तें परत मिळण्यापूर्वींच, १९५८ सालीं, भारतानें त्यांची साठी साजरी केली, आणि त्या समितीच्या अध्यक्षपदीं मुंबईचे मुख्य न्यायाधीश छगला होते. रोब्सन यांच्यापुढील पेंच, भूमिकेमुळें स्वजनांचीच मानखंडना होण्याचा होता. निळूभाऊ प्रतिपक्षाचेंच सोंग आणीत, म्हणून त्यांचा पेंच निराळा.

१९७५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत गेलेला ‘सामना’ पाहावा. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचें. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या मास्तरास घरीं आणून ठेवतो, आणि श्रीराम लागूंचा हा मास्तर नाहींशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करीत राहतो. हिंदुराव आधीं धमकावीत नाहीं, पाहुणचार करतो. सहकारी कारखान्याच्या सत्तेंत उपकार आणि धाक एकाच ताटांत कसे वाढले जातात, हें त्या खरखरीत, दबल्या आवाजांतून जितकें कळतें, तितकें अर्थशास्त्राच्या ग्रंथांतूनही क्वचितच कळेल. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्यें तर ते पत्रकार दिगू टिपणीस होऊन सत्तेचा खेळ दुरून पाहतात.

मात्र कित्येक चित्रपटांत तोच पाटील, तीच वखवखलेली नजर, वर्षानुवर्षें! त्यांच्या नकला आजही होतात. त्यांत पाटलाचा रुबाब शिल्लक राहतो, त्याच्याविषयींची चीड राहत नाहीं. ही हानि आम्हांस लहान वाटत नाहीं.

निळूभाऊंनीं स्वतः ती अन्यत्र भरून काढली. सामाजिक कृतज्ञता निधीसाठीं डॉ. लागूंसमवेत त्यांनीं अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, आणि त्या पैशाची योजना होती ती, गांवोगांवच्या हिंदुरावांशीं प्रत्यक्ष झगडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनासाठीं.