मासे राखले, सांडवा अडला

पिट्सबर्गच्या बालाजीच्या दर्शनाला जाणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत. तिथून पूर्वेला, डोंगरातल्या रस्त्याने दोनेक तासांत जॉन्सटाउन हे गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला, साउथ फोर्क ओढ्यावर, एका फुटलेल्या धरणाची दोन टोकं अमेरिकी सरकारने राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली आहेत. माझी सगळी नोकरी लघु पाटबंधाऱ्यांत, मातीच्या धरणांवर गेली. मुलाकडे गेलो तेव्हा हे ठिकाण पाहायचं हे आधीच ठरवलं होतं. पर्यटकांना तिथे दोन हिरवे उंचवटे आणि मधून जाणारा ओढा दिसतो. मी मात्र आधी सांडवा कुठे होता ते शोधलं.

31 मे 1889 रोजी हे धरण फुटलं आणि 2209 माणसं गेली. हा आकडा बऱ्याच जणांना माहीत असतो. हे धरण एका हौशी क्लबच्या मालकीचं होतं आणि त्यावर देखरेख ठेवणारं कोणीच नव्हतं, ही गोष्ट मात्र मागे पडते.

मुळात धरण सरकारी. पेनसिल्व्हेनिया राज्याने आपल्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून ते बांधायला घेतलं. पैशांअभावी काम रखडत रखडत 1853 मध्ये संपलं, तोवर रेल्वे आली आणि कालव्याची गरजच उरली नाही. बांधणी मात्र वाईट नव्हती. उंची 72 फूट, लांबी 931 फूट. पाण्याच्या अंगाला चिकणमाती थरावर थर देऊन दाबलेली, खालच्या अंगाला दगडांचा भराव. एका टोकाला खडक फोडून काढलेला सांडवा आणि तळाशी मोरीत पाच बिडाचे नळ. या नळांतून तलाव हवा तेव्हा उतरवता येई.

1857 मध्ये धरण रेल्वे कंपनीकडे गेलं. रेल्वेला त्याचा उपयोग नव्हता, तेव्हा डागडुजीही नव्हती. 1862 मध्ये मोरीपाशी भराव खचून ते फुटलं. तलावात पाणी थोडं होतं म्हणून खाली फार नुकसान झालं नाही. 1875 मध्ये जॉन रायली या माजी रेल्वे अधिकाऱ्याने ते विकत घेतलं. त्याने तळाचे नळ काढले आणि भंगारात विकले. पुढे 1879 मध्ये बेंजामिन रफ याने ही जागा घेऊन ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ काढला. पिट्सबर्गचे पोलाद आणि कोळशाचे धनिक त्याचे सभासद झाले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन ही त्यांतली काही नावं. उन्हाळ्यात बायकामुलांना घेऊन थंड हवेला यायचं, होड्या फिरवायच्या, गळ टाकून बसायचं, एवढाच हेतू.

खिंडार बुजवताना त्यांनी माती, दगड, झाडांच्या फांद्या, गवत जे मिळेल ते टाकलं. पहिली डागडुजी 1879 च्या नाताळातच वाहून गेली, तरी काम पुन्हा त्याच रीतीने झालं. आमच्याकडे घळभरणीच्या वेळी भरावात एखादी मुळी दिसली तरी तेवढा थर उकरून काढायला लावत. फांद्या आणि गवत कुजलं की त्या जागी पोकळी होते आणि पाण्याला वाट मिळते. नवे नळ बसवलेच नाहीत. म्हणजे तलाव एकदा भरला की तो खाली करायची सोय नाही, आणि खाली करता येत नाही म्हणून नीट दुरुस्तीही नाही.

पुढचे दोन फेरफार हौसेपायी झाले. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा सुमारे तीन फुटांनी उतरवून रुंद केला. आणि विकत आणून तलावात सोडलेले बास मासे सांडव्यातून निसटू नयेत म्हणून सांडव्यावरच्या पुलाखाली लोखंडी जाळ्या बसवल्या. सांडवा कोरडा असताना या जाळ्यांनी काही बिघडत नाही. पूर आला की ओंडके, फांद्या, पालापाचोळा वाहत येऊन त्यांवर अडकतो आणि सांडवा बुजतो. त्यातच जिथे जुनं खिंडार होतं, तिथे मधोमध भराव बसून माथा टोकांपेक्षा खाली गेला होता. पाणी चढलं तर ते सगळ्यात कच्च्या जागेवरूनच उतरणार, हे तेव्हाच ठरून गेलं. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी वाहिलं तर बहुधा ती तगते. मातीच्या धरणाचा खालचा उतार मात्र धुपू लागतो, ती धूप मागे सरकत माथ्यापर्यंत पोचते आणि मग कोणाच्याही हातात काही राहत नाही.

धोका कोणाला कळला नव्हता असं नाही. जॉन्सटाउनची कँब्रिया आयर्न कंपनी धरणाच्या खाली 14 मैलांवर होती. तिचा प्रमुख डॅनियल मॉरेल याने 1880 मध्ये जॉन फुल्टन या आपल्या अभियंत्याला पाहणीला धाडलं. फुल्टनने दोन दोष नेमके दाखवले: तलाव उतरवायला नळ नाहीत, आणि डागडुजी कच्ची असून मोठी गळती चालू आहे. अशा दोन ओळींचा अहवाल मी नोकरीत किती वेळा लिहिला असेल. रफने उत्तर पाठवलं की तुम्हाला आमच्या उद्योगापासून काहीच धोका नाही. मॉरेलने दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारी दाखवली, तीही क्लबने नाकारली. शेवटी लक्ष ठेवता यावं म्हणून तो स्वतः क्लबचा सभासद झाला आणि 1885 मध्ये वारला. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या प्रमुखाकडेही पत्र लिहिण्यापलीकडे उपाय नव्हता. तलाव उतरवा असं क्लबला सांगू शकेल असा एकही सरकारी अंमलदार राज्यात नव्हता.

1889 च्या मे अखेरीस एका दिवस-रात्रीत मुसळधार पाऊस झाला. सकाळी क्लबचे अध्यक्ष इलायस उंगर मजूर घेऊन माथ्यावर माती टाकत होते, दुसऱ्या टोकाला नवा चर खोदू पाहत होते. जाळ्यांवर काडीकचरा साचला होता. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्क गावात गेला आणि तारेने इशारा दिला. पण धरण फुटणार ही आवई जॉन्सटाउनने इतक्या पावसाळ्यांत ऐकली होती की कोणी फारसं हललं नाही. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं. अर्धा टीएमसी पाणी अरुंद दरीतून सुटलं आणि तासाभरात शहरात शिरलं. 99 कुटुंबं समूळ गेली. सातशेहून जास्त प्रेतांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही.

क्लबवर दावे झाले. पाऊस ही देवाची करणी, असा बचाव झाला आणि कोणालाही एक पैसा भरपाई मिळाली नाही. अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने 1891 मध्ये अहवाल काढला, की मूळच्या उंचीचं धरणही त्या पावसात टिकलं नसतं. 2016 मध्ये भूशास्त्रज्ञ नील कोलमन आणि सहकाऱ्यांनी हे खोडून काढलं. माथा उतरवल्याने पाणी सोडण्याची क्षमता निम्म्यावर आली होती, असं त्यांचं गणित सांगतं. उरलेला माथा, सांडव्याचा खडक आणि ओढ्याचा उतार प्रत्यक्ष पाहिल्यावर मला त्यांचं म्हणणं पटतं.

पेनसिल्व्हेनियात धरणांवर राज्याची देखरेख आली ती 1913 च्या कायद्याने, तीही ऑस्टिन गावी एका कागद कारखान्याचं धरण फुटून 78 माणसं गेल्यावर. मग 1977 मध्ये जॉर्जियात केली बार्न्स फुटलं. जेमतेम 12 मीटर उंचीचं मातीचं धरण, वीजनिर्मिती बंद पडल्यावर केवळ सहलीचं तळं म्हणून राहिलेलं. रात्री दीड वाजता खालच्या बायबल कॉलेजच्या आवारात पाणी घुसलं आणि 39 जण गेले. खासगी धरणं तपासण्याचा केंद्रीय कायदा 1972 पासून होता, पण तपासणीला खरी गती आली ती या दुर्घटनेनंतर अध्यक्ष कार्टर यांनी आदेश दिल्यावर. जॉर्जियाचा स्वतःचा कायदा 1978 चा. आधी प्रेतं मोजायची आणि मग नियम करायचे, हा क्रम तिथे शतकभर चालला.

आपला क्रम वेगळा नाही. पानशेत 1961 मध्ये फुटलं. देशाचा धरण सुरक्षा कायदा आला 2021 मध्ये. तो 15 मीटरहून उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना लागू आहे. मालक खासगी असला तरी सुटत नाही, ही त्यातली चांगली बाजू. पण त्या उंचीखालचं सगळं बाहेर राहतं. आज डोंगरउतारावरच्या रिसॉर्टमध्ये आणि फार्महाउसच्या वसाहतींत नाला अडवून तळी केली जातात, होड्या सोडल्या जातात, मासे पाळले जातात. त्यांच्या सांडव्यांची रुंदी कोणी काढली, तळाला विमोचक, म्हणजे पाणी सोडायची मोरी, आहे का, हे तहसील कचेरीत विचारलं तर कोणाकडे कागद सापडेल? 2019 च्या जुलैत तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली. ते सरकारी होतं, गावकऱ्यांनी गळतीची तक्रारही केली होती. जिथे तक्रार करायला कार्यालय होतं, तिथे ही गत झाली. जिथे मालकाच्या फाटकापुढे जाताच येत नाही, तिथे तक्रार कोणाकडे न्यायची?

उंचीवरून धरण लहान-मोठं ठरवणं मला पटत नाही. खाली वाडी आहे का, शाळा आहे का, रस्ता आहे का, यावरून ठरवा. सहा मीटरच्या बांधाखाली दहा घरं असतील तर तो बांध नोंदवहीत आलाच पाहिजे. पावसाळ्याआधी अभियंत्याने तो चालून पाहावा, सांडव्यातलं सगळं हटवायला लावावं, आणि तळं उतरवायची सोय नसेल तर पाणी साठवूच देऊ नये. तपासणीचा खर्च मालकाने द्यावा, अहवाल खालच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. फुल्टनचे दोन्ही आक्षेप बरोबर होते आणि नऊ वर्षं हाताशी होती. तलाव उतरवण्याचा हुकूम देणारा एक अधिकारी असता, तर जॉन्सटाउन वाचवायला तेवढा वेळ भरपूर होता. असा अधिकारी प्रत्येक तालुक्याला द्यायचा की नाही, हे आपल्या विधिमंडळाने पुढच्या दुर्घटनेची वाट न पाहता ठरवायला हवं.