हुपरीची चांदी, वॉशिंग्टनचा भाव

हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे. कुणी चांदी आटवतं, कुणी तार ओढतं, कुणी घुंगरं जोडतं. पण चांदीचा भाव हुपरीत ठरत नाही. तो रोज सकाळी मोबाइलवर येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक बाजारात चांदीनं औंसाला ५० डॉलरचा टप्पा ओलांडला, आपल्याकडे किलोचा भाव दीड लाखाच्या बराच पुढे गेला. भाव दुप्पट झाला की त्याच भांडवलात निम्मी चांदी येते. कारागिराची मजुरी मात्र चांदीच्या भावाबरोबर आपोआप वाढत नाही. काम कमी झालं, तर ती उलट घटते.

मग हा भाव ठरवतं कोण? ‘मागणी आणि पुरवठा’ हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे, आणि ते निवडणुकीचं उत्तर आहे.

१८७३ मध्ये अमेरिकेनं नाणेविषयक कायदा बदलला आणि चांदीच्या डॉलरला त्यातून वगळलं. त्याच सुमारास जर्मनीही सोन्याकडे वळली होती. इकडे नेवाडातल्या खाणींतून चांदी धो धो निघत होती. भाव पडू लागला. अमेरिकेतला शेतकरी तेव्हा कर्जात होता. गहू-कापसाचे भाव उतरत होते, कर्जाचा आकडा मात्र तोच. चांदीची नाणी पुन्हा पाडली, तर बाजारात पैसा वाढेल, मालाला भाव येईल, कर्ज हलकं होईल, हा त्याचा हिशोब. सावकार आणि बँकांना नेमकं हेच नको होतं. १८७३ च्या कायद्याला चांदीवाल्यांनी थेट ‘गुन्हा’ म्हटलं.

१८९० मध्ये तडजोड झाली. शर्मन कायद्यानुसार अमेरिकी सरकार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेऊ लागलं. पण १८९३ पर्यंत ही खरेदी बंद होणार, अशी चिन्हं दिसू लागली.

त्याचा धक्का आपल्याला बसला. तेव्हा कुणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि ठरलेला आकार भरून रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. अमेरिकेनं खरेदी थांबवली, तर जगातली चांदी हिंदुस्थानात लोटली जाईल, रुपया आणखी घसरेल आणि लंडनला पौंडांत पाठवायची रक्कम परवडणार नाही, या भीतीनं ब्रिटिश सरकारनं २६ जून १८९३ रोजी टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद केल्या. चांदी आणखी कोसळली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अमेरिकेची खरेदीही थांबली. शेतकऱ्याच्या घरातलं चांदीचं कडं हे तोवर अडीनडीला रुपया होऊ शकत होतं. आता सोनार देईल तो भाव.

१८९६ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी चांदीच्या प्रश्नावर अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. ‘सोन्याचा क्रूस’ या नावानं ओळखलं जाणारं त्यांचं भाषण आजही तिथे शिकवलं जातं. ब्रायन हरले. जिंकले विल्यम मॅकिन्ले, १८९० च्या जबर आयात शुल्काचे शिल्पकार. १९०० मध्ये अमेरिका कायद्यानं सोन्याशी बांधली गेली. डोनाल्ड ट्रम्प ज्यांचे गोडवे गातात आणि ज्यांचं नाव त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये अलास्कातल्या शिखराला परत दिलं, ते हेच मॅकिन्ले. आज ‘टॅरिफ’ हा शब्द नवा वाटतो, पण हे नाणं जुनंच आहे.

खरी गंमत पुढे आहे. शेतकरी हरला, पण त्याच्या शेजारी उभा राहिलेला खाणमालक हरला नाही. नेवाडासारख्या राज्यात माणसं मोजकी, पण सिनेटमध्ये जागा दोन, न्यूयॉर्कइतक्याच. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत हिंदुस्थानातले लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले. सरकारचा साठा आटत आला. तेव्हा अमेरिकेनं पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस, म्हणजे सहा हजार टनांहून जास्त चांदी हिंदुस्थानासाठी विकली. रुपया वाचला. पण कायद्यात एक मेखही होती. वितळवली तेवढी चांदी सरकारनं पुढे अमेरिकी खाणींकडूनच औंसाला एक डॉलर दरानं घ्यायची. कायदा मांडणारे सिनेटर की पिटमन नेवाडाचेच.

१९३४ मध्ये याच सिनेटरांच्या रेट्यानं पुन्हा सरकारी खरेदी सुरू झाली. भाव वाढला आणि चांदीच्या चलनावर चालणाऱ्या चीनमधून चांदी बाहेर वाहू लागली. तिथे मंदी आली, आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनला चांदीचं चलन सोडावं लागलं. नेवाडातल्या मतदाराला शांघायच्या दुकानदाराचं काय?

१९८० चा किस्सा वायदे बाजारात बोटं चालवणाऱ्या प्रत्येकानं वाचावा. टेक्सासच्या हंट बंधूंनी उधारीवर प्रचंड चांदी जमवली. १९७९ च्या सुरुवातीला सहा डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये पन्नासच्या घरात पोचला. मग बाजारानं नियमच बदलले, नव्या खरेदीवर बंधनं आली आणि २७ मार्चला चांदी ११ डॉलरच्या खाली गेली. खेळ सुरू असताना नियम बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्यासमोर श्रीमंतातल्या श्रीमंताचंही काही चालत नाही.

२०२५ मध्येही सूत्र तेच राहिलं. आयात शुल्क लागेल या धास्तीनं वर्षाच्या सुरुवातीपासून लंडनची चांदी न्यूयॉर्ककडे धावली. सौर पॅनेलची मागणी होतीच. त्यात दिवाळीची भारतीय खरेदी आली, तेव्हा लंडनमध्येच चणचण झाली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनं चांदीला ‘अत्यावश्यक खनिजां’च्या यादीत घातलं. यातला कुठलाही निर्णय हुपरीच्या कारागिराला विचारून झाला नव्हता.

या दीडशे वर्षांतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली: पैशाचे नियम पावसासारखे आभाळातून पडत नाहीत, ते कुणीतरी, कुठल्यातरी मतदारसंघासाठी करतं. ‘बाजार कोसळला’ असं वाचलं की ‘नियम कुणी बदलला?’ हेही विचारावं. दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. ऊसदराच्या लढ्यातून पुढे आलेल्या राजू शेट्टींना २००९ आणि २०१४ मध्ये दिल्लीला पाठवणारा हा हातकणंगले मतदारसंघ आहे. शेतकऱ्याच्या रागातून राजकारण कसं उभं राहतं, हे इथे कुणी शिकवायला नको. अमेरिकेचा इतिहास त्यापुढचा प्रश्न विचारायला लावतो: मोर्चात सगळे एकत्र होते, पण शेवटी पदरात कुणाच्या पडलं? तिथे घोषणा शेतकऱ्याच्या होत्या आणि खरेदीची हमी मात्र खाणीला मिळाली.

आपल्याकडे साखर, सूत किंवा चांदीच्या नावानं पुढची सवलत जाहीर होईल, तेव्हा तिचा लाभ उसाच्या फडापर्यंत, यंत्रमागापर्यंत आणि आटणीच्या भट्टीपर्यंत पोचतो का, एवढं तपासायला इतिहास पुरेसा आहे.