गांवचें बावखल आणि त्याचा कांठ

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला गेला, वेदी कोणीं घडविली, घंटा कोठून आली, याचा वृत्तांत यावा हें योग्यच होय. परंतु ज्या लोकांनीं देऊळ बांधिलें ते लोक कशावर जगले, हाहि इतिहासाचाच भाग आहे. वसईच्या वाडींत राहणाऱ्या कुटुंबाचें जीवन बागायतीवर, बागायत विहिरीवर, आणि विहीर पुष्कळ अंशीं जवळच्या बावखलावर अवलंबून होती. यास्तव या मंगल प्रसंगीं धर्मबांधवांपुढें बावखलाचा इतिहास ठेवावा, आणि त्यावरून आपलें आजचें कर्तव्य कोणतें याचा विचार करावा, असें योजिलें आहे.

वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे समुद्र व खाडी यांच्या मधली रेताड आणि सखल भूमि होय. येथें बारमाही वाहणारी नदी नाहीं. जें गोड पाणी आहे तें पावसाचें. तें वाळूंत मुरतें आणि खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्यावर तरंगत राहतें. या व्यवस्थेचें गणित हॉलंडचे बादोन गायबेन यांनीं इ. स. १८८८ च्या सुमारास व जर्मनीचे हर्झबर्ग यांनीं १९०१ सालीं मांडिलें. समुद्राच्या पातळीहून गोड पाणी एक फूट उंच असेल, तर त्या पातळीखालीं सुमारें चाळीस फूट गोड पाण्याचा थर राहतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. उलटपक्षीं वरची पातळी एक फूट उतरली, तर कालांतरानें खालून खारें पाणी चाळीस फूट वर चढण्याचें भय असतें. यावरून एक फूट पाण्याची किंमत काय, हें सुज्ञांस सांगणें नलगे.

आमच्या पूर्वजांनीं हा सिद्धांत ऐकिला नव्हता, परंतु त्याचा अर्थ ते जाणत होते. सखल जागीं खड्डा खणून, अथवा मुळांतली खोलगट जागा अधिक खोल करून, त्यांनीं पावसाचें पाणी अडविलें. तेंच बावखल. पावसाळ्यांत शेजारच्या वाड्यांचें पाणी तेथें उतरे, हळूहळू जमिनींत मुरे, आणि उन्हाळ्यांत विहिरीवरचा रहाट चाले. केळी, पानवेल, भाजीपाला व फुलझाडें यांस त्याच पाण्याचा आधार असे. गुरें तेथें पाणी पीत, मुलें तेथेंच पोहणें शिकत.

बावखलाचें दुसरें देणें म्हणजे मासळी. पहिल्या पावसांत ओहोळ वाहूं लागले म्हणजे मासे प्रवाहाविरुद्ध चढून उथळ शेतांत अंडीं घालावयास जातात. कोंकणांत यास वलगण म्हणतात. पुढें पाणी ओसरूं लागलें कीं लहान मासोळी खोल जागीं, म्हणजे तळ्यांत आणि बावखलांत, आश्रय घेते. मरळ, मांगूर, शिंगी यांसारखे मासे वरची हवाहि घेऊं शकत असल्यामुळें उन्हाळ्याच्या गढूळ पाण्यांतहि तग धरतात. शेत, ओहोळ आणि बावखल हीं येणेंप्रमाणें एकाच घराचीं तीन दालनें होत. त्यांतील एक दार बंद केलें, तर इतर दोन ओस पडतात.

पाण्याच्या कांठास मान देणें ही या भूमीची जुनी रीत आहे. सोपारें येथें भातेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं सांपडला. त्याच लेखमालेंतील दुसऱ्या लेखांत माणसांसाठीं व पशूंसाठीं वाटांवर विहिरी खणल्या आणि झाडें लाविलीं, असें सांगितलें आहे. पाणी आणि सांवली यांचा जोडीनें विचार करण्यास दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

ख्रिस्ती जगाचा इतिहासहि तळ्यांनीं भरलेला आहे. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या नांवें निघालेल्या जहागिरींच्या नियमांत, प्रत्येक कारभाऱ्यानें मासळीचीं तळीं राखावीं व शक्य तेथें वाढवावीं, अशी आज्ञा आहे. उपवासकाळांत व शुक्रवारीं मांस वर्ज्य असल्यामुळें मठवासी संन्याशांस मासळीची गरज पडे. म्हणून इ. स. १०९८ सालीं स्थापन झालेल्या सिस्टर्सियन संघानें आपल्या मठांभोंवतीं दलदली आटवून तळीं बांधिलीं. मोराव्हियांतील ओलोमोउत्सचे बिशप यान दुब्राव्हियस यांनीं तर मत्स्यतळ्यांवर एक लॅटिन ग्रंथच रचिला, तो १५४७ सालीं प्रसिद्ध झाला. धर्मपीठावर बसलेल्या पुरुषानें बांध कसा घालावा व मासे कसे वाढवावे याचा विचार केला, यांत त्या काळीं कोणास विपरीत वाटलें नाहीं.

बोहेमियांतील त्रेबोन नगराभोंवतालचीं तळीं या विद्येचा कळस होत. सोळाव्या शतकाच्या आरंभीं श्टेपानेक नेतोलित्स्की यानें सुमारें पंचेचाळीस किलोमीटर लांबीचा कालवा काढून तेथील तळ्यांस पाणी पुरविलें. पुढें याकुब क्रचीन यानें १५८४ ते १५९० या काळांत रोझम्बेर्क नांवाचें विशाल तळें बांधिलें, त्याचा विस्तार आज सुमारें ४९० हेक्टर आहे. शरद ऋतूंत तळीं रिकामीं करून मासे काढितात, आणि तोच मासा नाताळच्या पूर्वरात्रीं घरोघरीं ताटांत येतो. बांध धुपून जाऊं नये म्हणून त्यांवर ओक वृक्ष लाविले, त्यांतील कित्येक आजहि उभे आहेत. एकोणिसाव्या शतकांत योसेफ शुस्ता यानें मासे काय खातात याचा अभ्यास करून तळ्यांचें उत्पन्न वाढविलें. आणि २००२ सालच्या महापुरांत रोझम्बेर्कनें नेहमींच्या कितीतरी पट पाणी पोटांत घेऊन खालच्या वस्तीवरील संकट हलकें केलें. चारशें वर्षांपूर्वीं मासळीसाठीं बांधिलेलें तळें असें माणसांच्या रक्षणास उपयोगीं पडलें.

तथापि तीं तळीं सरदाराचीं होतीं, आणि क्रचीनच्या कठोरपणाच्या दंतकथा तेथील लोक अद्याप सांगतात. गांवानें स्वतः तळें राखण्याचा धडा घ्यावयाचा तर आपण गोव्याकडे पाहावें. तेथें पोर्तुगीज येण्यापूर्वींपासून गांवकारी ही संस्था होती. जमीन, बांध, पाट आणि तळीं हीं सर्व गांवकीचीं असत. पोर्तुगीज सरकारनेंहि १५२६ सालीं त्या रूढि लेखनिविष्ट करून त्यांस मान्यता दिली. साष्टी प्रांतांतील कुडतरी गांवीं तळ्याच्या कांठींच संत आलेक्स यांचें देऊळ १५९७ सालीं उभें राहिलें. अशा तळ्यांचें पाणी भातशेतीस सोडीत, आणि मासळीचा हक्क लिलावानें देऊन आलेला पैसा गांवकीच्या कामीं लावीत. तळें टिकलें तें नियमामुळें. केवळ दगडी पायऱ्यांमुळें नव्हे.

आतां आपल्या वसईकडे वळूं. रहाट गेले व पाण्याचे पंप आले. रहाट एका दिवसांत जितकें पाणी काढी तितकें पंप अल्पावधींत उपसूं लागला. त्यांतच शेजारच्या वाढत्या वस्तीस टँकर भरभरून पाणी जाऊं लागलें, आणि विहिरी खारट होऊं लागल्या. या उपशाविरुद्ध व हिरव्या पट्ट्याच्या रक्षणार्थ विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २५ जुलै २०२४ रोजीं दिवंगत झाले. त्यांचें ऋण या धर्मप्रांतास विसरतां येणार नाहीं. परंतु जमिनीचा भाव वाढत गेला, तसतशीं बावखलें लोकांस संपत्ति न वाटतां अडगळ वाटूं लागलीं. कांहीं बावखलें खाजगी जमिनींत, तर कांहीं सरकारी जमिनींत. दोहोंवरहि राडारोडा पडला, आणि भराव झाला तेथें इमारती उठल्या. जुलै २०१८ मध्यें वसई-विरार कित्येक दिवस पाण्यांत बुडालें. त्या आपत्तीचीं कारणें अनेक होतीं. तथापि पाण्याची जागा भरून काढिली म्हणजे पाणी आपली जागा अन्यत्र शोधतें, हें त्या दिवसांत लहान मुलासहि कळून चुकलें.

यानंतरची गोष्ट मात्र आशेची आहे. गेल्या दशकांत वसईच्या कित्येक गांवांतील तरुणांनीं उन्हाळ्यांत एकत्र येऊन बावखलें उपसलीं, गाळ काढिला, कचरा बाहेर फेंकला. त्यांस न्यायाचाहि आधार आहे. सर्वोच्च न्यायालयानें २५ जुलै २००१ रोजीं, तळीं हीं समाजाची संपत्ति असून तीं राखलीं पाहिजेत, असा निर्णय दिला. पुढें २८ जानेवारी २०११ रोजीं, पंजाबांतील पटियाळा जिल्ह्यांतल्या रोहर जागीर या गांवचें तळें बुजवून बांधिलेल्या घरांच्या प्रकरणीं, गांवची सामाईक जमीन गांवास परत करण्याची योजना आंखावी, असा आदेश त्या न्यायालयानें सर्व राज्यांस दिला.

परंतु उत्साहाच्या भरांत एक भूल होण्याचा संभव आहे, व तिजविषयीं सावध राहिलें पाहिजे. आज सुधारणा म्हणजे सुशोभन, असा समज सर्वत्र पसरला आहे. चोहोंबाजूंनीं सिमेंटची भिंत, भोंवतीं फरसबंदी, मध्यें कारंजें, इतकें झालें कीं काम पुरें झालें असें वाटतें. वस्तुतः असें तळें हौदासमान होतें. भिंतींतून पाणी जमिनींत मुरत नाहीं, पावसांत मासा शेताकडे जाऊं शकत नाहीं, बेडकास चढण्यास उतार मिळत नाहीं, आणि खंड्या व पाणकोंबडी यांस आश्रय उरत नाहीं. जेथें माती खचते तेथें दगड रचावे. इतरत्र कांठ उतरता, मातीचा आणि गवताळ असूं द्यावा. करंज, भेंड, जांभूळ, उंबर अशीं देशी झाडें व केवडा कांठीं लावावीं. परंतु पाण्यावर अति झुकलेल्या फांद्या छाटाव्या, कारण पाला कुजला कीं पाण्यांतील प्राणवायु घटतो. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेंतील वनस्पति. ती फुलण्यापूर्वींच उपटून तिचें खत करावें. सांडपाण्याचें एकहि गटार तळ्यांत येऊं देऊं नये, कारण त्याच मळावर ती पोसते.

मासे सोडण्यांतहि विवेक हवा. कटला पृष्ठभागीं, रोहू मध्यें व मृगळ तळाशीं चरतो, म्हणून हे तीन एकत्र वाढवितां येतात. ते साच्या पाण्यांत आपण होऊन वीत नाहींत. म्हणून पूर्वीं त्यांचें बीज नद्यांतून आणावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत अंतःस्रावाच्या टोचणीनें या जातींची पैदास घडवून आणिली, तेव्हांपासून बीज सुलभ झालें. याउलट १९५२ सालीं देशांत आणिलेला तिलापिया तळ्यांत अतोनात वाढून इतर माशांचा घांस हिरावतो, आणि आफ्रिकन मांगूर तर शासनानें निषिद्ध ठरविला आहे. हे दोन्ही आपल्या पाण्यांत येऊं नयेत. तसेंच वलगणीच्या वेळीं अंड्यांनीं भरलेली मासळी पकडणें म्हणजे बियाणेंच दळून खाण्यासारखें आहे.

आतां मुख्य गोष्ट. जमीन गुंठ्यानें मोजली जाते आणि गुंठ्याला लाखांचा भाव येतो, अशा दिवसांत घरच्या बावखलावर भराव घालूं नका असें सांगणें सोपें आहे. ज्याच्या मुलीचें लग्न वा मुलाचें शिक्षण अडलें आहे त्यानें तें ऐकणें कठीण. ही अडचण मी तुच्छ लेखीत नाहीं. म्हणूनच हा भार एकट्या मालकावर टाकतां कामा नये. ज्याच्या बावखलाचें पाणी दहा घरांच्या विहिरींत उतरतें, त्याच्या गरजेच्या वेळीं त्या दहा घरांनीं त्याच्या पाठीशीं उभें राहिलें पाहिजे. ज्यांस हें जड वाटेल त्यांनीं एक फुटाचा व चाळीस फुटांचा हिशेब पुन्हां एकदां करावा.

तीन नियम या ज्युबिली वर्षीं गांवानें मिळून करावे, अशी माझी सूचना आहे. वैशाखांत, पाऊस येण्यापूर्वीं, घरटीं एका माणसानें गाळ काढण्यास यावें, आणि गाळ वाड्यांत खत म्हणून वांटून घ्यावा. पहिल्या पावसापासून दोन महिने कोणीं जाळें टाकूं नये. सामाईक बावखलाच्या मासळीचा लिलाव उघड व्हावा, व तो पैसा कांठाच्या डागडुजीसच लागून त्याचा जमाखर्च सर्वांसमक्ष वाचला जावा. देवळानेंहि त्यावर हक्क सांगूं नये. कारण पाणी सर्व गांवाचें आहे, आणि गांवांत आपल्यासमवेत अन्य धर्माचे शेजारीहि आहेत. त्यांच्या विहिरी आणि आपल्या विहिरी एकाच वाळूंतलें पाणी पितात.

पुढील ज्युबिलीची स्मरणिका लिहिणारा आज कदाचित् पाळण्यांत असेल. त्यानें देवळाबरोबर बावखलाचाहि वृत्तांत लिहावा, आणि तो लिहितांना त्यास भूतकाळाची क्रियापदें वापरावीं लागूं नयेत, इतकें आपल्या हातीं आहे.