ट्रंपेट भंगारात घालू नका

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक बँडपार्टीत ट्रंपेट वाजवतात. गेल्या वर्षी त्यांना टीबी झाला. सहा महिने औषधं घेऊन ते बरे झाले, पण पार्टीतलं कुणी त्यांच्या ट्रंपेटाला हात लावेना. ताई बैठकीत म्हणाल्या, "भंगारात घालते, हप्ता तरी भरते." आम्ही त्यांना थांबवलं आणि थोडं वाचलं.

जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. पण तो माणसातून माणसात जातो कसा, याचा नीट पुरावा मिळायला आणखी सत्तरएक वर्षं गेली. अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी १९५० च्या दशकात क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळातून गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. त्या प्राण्यांनी रुग्णाचं ना ताट पाहिलं, ना कपडा. तरी एकेकाला क्षय होत गेला. दुसऱ्या पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले, तिथले प्राणी वाचले. म्हणजे क्षय पसरतो खोकल्यातून, हवेतून. आपल्याकडे कितीतरी सुनांचं ताट वेगळं केलं गेलं, खिडकी मात्र कुणी उघडली नाही.

मग वाद्य अगदी निर्धोक का? तसंही नाही. २०१० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पंधरा वर्षं खोकणाऱ्या एका ट्रॉम्बोनवादकाची हकीकत छापली. त्याच्या वाद्यात बुरशी आणि जंतू वाढले होते. वाद्य साफ ठेवल्यावर खोकला गेला. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या एका बॅगपाइपवादकाची हकीकत आली. तो परदेशी गेला, वाद्य घरी राहिलं, तेवढे तीन महिने त्याला बरं वाटलं. पुढे तो वाचला नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ज्याचं वाद्य, त्याचीच छाती धरते. पितळेत तांबं असतं, त्यावर जंतू फार टिकत नाहीत, हे खरं. पण आत थुंकीचा थर साचला की पितळ काय करणार?

ताईंनी ट्रंपेट सुटा करून कोमट साबणाच्या पाण्यात घातला, नळीतून लांब ब्रश फिरवला. उकळतं पाणी नको, वरचा मुलामा जातो. पहिलं पाणी कसं निघालं ते रेडिओवर सांगत नाही! आता वाजवून झालं की आतलं पाणी काढायचं, सुकवून मगच पेटीत, आणि माऊथपीस ज्याचा त्याचा.

तुळशीच्या लग्नानंतर मालकांना पहिली सुपारी मिळाली. हप्ता दोन दिवस उशिरा आला. दंड आम्ही घेतलाच.