माऊस, अक्षर आणि हाताचा दोष



श्रीगणेशाला आपण विद्येची देवता मानतों आणि महाभारताचा लेखनिक म्हणूनही ओळखतों. त्याचें वाहन उंदीर. लेखनिक आणि उंदीर ह्यांची ही जोडी पुराणांत जुळली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती कॅलिफोर्नियांत पुन्हां जुळली. पुराणांतला उंदीर धन्याची आज्ञा निमूटपणें पाळीत असे, यंत्रयुगांतला पाळीलच असा भरंवसा नाहीं. लिहितांना माऊस अडतो, भलतीकडे पळतो, लिहिलेलें अस्ताव्यस्त करतो, ह्या तक्रारी वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. परंतु ह्यांतील प्रत्येक तक्रारीला इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला म्हणजे दोष कोणाच्या तरी हातावर येतो.

मला ह्या इतिहासाकडे वळविलें तें अकलूजच्या एका प्रसंगानें. सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुक्यांत नीरेच्या कांठीं वसलेलें हें गांव ऊस आणि सहकार ह्यांसाठीं सर्वांच्या परिचयाचें आहे. गोष्ट २००३ सालची. गळीत हंगाम चालू होता. उसाच्या गाड्या रात्रंदिवस रस्त्यानें जात होत्या आणि काळ्या रानाची बारीक धूळ घरांत, कपाटांत, वहीच्या पानांतसुद्धां शिरत होती. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ सालीं स्थापन झालें, आणि त्यानंतरच्या चार-दोन वर्षांत संगणकाचें शिक्षण शहरांची वेस ओलांडून तालुक्याच्या गांवीं येऊं लागलें. अकलूजच्याच एका लहानशा खाजगी वर्गांत माझ्या परिचयाचे एक लिपिक जात असत. आम्ही त्यांना तात्या म्हणत असूं. मराठी टंकलेखनांत त्यांचा हात मिनिटाला ४० शब्दांचा, आणि तोही यंत्राकडे न पाहतां. संगणक आल्याखेरीज वेतनवाढ मिळणार नाहीं, अशी धास्ती पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या मागें लागली होती.

तात्यांचा माऊस डावीकडे-उजवीकडे सरळ जाई. वर-खालीं मात्र जाईना. शिकविणारी मुलगी पुनःपुन्हां सांगे, "काका, हात हलका ठेवा." तात्या हात हलका ठेवीत, पडद्यावरचा बाण होता त्याच ओळीवर उभा! तिसऱ्या दिवशीं ते मला म्हणाले, "बाळ, यंत्र नवें आहे, बोटें जुनीं झालीं. माझ्यानें हें व्हायचें नाहीं." वर्ग सोडण्याचें त्यांनीं जवळजवळ ठरविलेंच होतें. वीस-पंचवीस वर्षें ज्या बोटांनीं घर चालविलें, त्या बोटांवरचा विश्वास तीन दिवसांत उडाला, ह्याचें मला फार वाईट वाटलें.

आतां थोडें मागें जाऊं. डग्लस एंगलबार्ट ह्या अमेरिकन अभियंत्यानें स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत १९६४ च्या सुमारास माऊसची कल्पना मांडली, आणि बिल इंग्लिश ह्या त्याच्या सहकाऱ्यानें तिला पहिलें रूप दिलें. तें रूप म्हणजे एक लांकडी ठोकळा. त्याच्या पोटाखालीं एकमेकांशीं काटकोन करणारीं दोन चाकें, वर एकच कळ, आणि मागें शेपटीसारखी तार. ह्या शेपटीवरूनच त्याला उंदराचें नांव पडलें असें सांगतात. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. माऊसचा उपयोग पुढें चित्रें काढण्याकडे आणि खेळांकडे कितीही झाला, तरी त्याची पहिली परीक्षा झाली ती मजकुरावर. पडद्यावरील शब्द किंवा अक्षर नेमकें दाखवावयास कोणतें साधन बरें, हें ठरविण्यासाठीं इंग्लिश, एंगलबार्ट व त्यांच्या एका सहकाऱ्यानें निरनिराळीं साधनें एकापुढें एक ठेवून मोजमाप केलें: प्रकाशलेखणी होती, दांडी होती, आणि मेजाखालीं गुडघ्यानें हलविण्याचेंही एक साधन होतें. ह्या प्रयोगांचा वृत्तांत १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचा हात बसलेला होता, त्यांच्या बाबतींत माऊस सरस ठरला. नवख्यांच्या बाबतींत मात्र प्रकाशलेखणीनें, इतकेंच काय गुडघ्यानेंही, त्याला वेगांत मागें टाकलें!

अकलूजच्या तात्यांना हें कोणी सांगितलें असतें तर किती बरें झालें असतें. माऊस नवशिक्याला जड जातो ही गोष्ट माऊसच्या जन्मकाळींच कागदावर उतरली होती. पुढें ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोंत एंगलबार्टनें जाणकार मंडळींपुढें दीड तासाचें प्रात्यक्षिक केलें. शब्द उचलून हलविले, याद्या लिहून त्यांचा क्रम बदलून दाखविला. पाहणारे थक्क झाले. पण प्रात्यक्षिक करणारा हात सरावलेला होता, हें टाळ्यांच्या कडकडाटांत कोणाच्या ध्यानांत आलें असेल?

ठोकळ्याखालच्या दोन चाकांत एक अडचण होती. माऊस आडवा हलला म्हणजे एक चाक फिरे आणि दुसरें मेजावर घासटत जाई. तेव्हां चाकांच्या जागीं गोळा आला. जर्मनींत टेलिफुंकन कंपनीनें १९६८ सालींच गोळ्याचें साधन तयार केलें होतें. अमेरिकेंत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत १९७२ च्या सुमारास बिल इंग्लिशनेंच गोळ्याचा माऊस सिद्ध केला. रबर चढविलेला जड गोळा मेजावर फिरतो आणि आंत त्याला टेकलेले दोन बारीक रूळ फिरवितो. एक रूळ आडव्या गतीचा, दुसरा उभ्या गतीचा. रचना सुटसुटीत खरी. परंतु मेजावरची धूळ, हाताचा घाम, कागदाचा भुगा हें सर्व गोळा उचलून घेतो आणि रुळांना नेऊन लावतो. त्याचें रुळाभोवतीं कडक कडें तयार होतें. असें कडें जमलेला रूळ नीट फिरत नाहीं, गोळा त्याच्यावरून नुसता घसरतो, आणि बाणाची ती एक दिशा बंद पडते.

तात्यांच्या माऊसचें नेमकें हेंच झालें होतें. चौथ्या दिवशीं मीं तो उलटा केला, पोटावरची चकती फिरवून गोळा बाहेर काढला, आणि आंतल्या रुळावरून नखानें काळ्या मळाची एक अंगठी सोडविली. गोळा पुसून परत बसविला. बाण सरळ वर गेला. तात्या कांहीं वेळ त्या मळाकडे पाहत राहिले. "म्हणजे हात चांगला आहे तर," एवढेंच ते बोलले.

परंतु प्रकरण तेथें संपलें नाहीं. दुसरें दुखणें माऊसचें नसून लेखनाच्या प्रोग्रॅमचें होतें, आणि त्याचाही इतिहास पालो आल्टोच्याच केंद्रांत सांपडतो. १९७४ सालीं तेथें ब्राव्हो नांवाचा लेखनाचा प्रोग्रॅम तयार झाला. त्यांत एकच कळ कधीं अक्षर उमटवी तर कधीं आज्ञा देई. आज्ञेच्या अवस्थेंत असतांना कोणी विसरून ई, डी, आय, टी हीं चार रोमन अक्षरें दाबलीं, तर ई म्हणजे सगळा मजकूर निवडा, डी म्हणजे पुसून टाका, आय म्हणजे नवें घाला. आणि मग साऱ्या लेखाच्या जागीं एकटा टी उरे! लॅरी टेसलर ह्या संशोधकाला ह्या प्रकाराचा अतिशय तिटकारा होता. बोस्टनच्या जिन अँड कंपनी ह्या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठीं त्यानें व टिम मॉट ह्यानें १९७५ च्या सुमारास जिप्सी नांवाचा प्रोग्रॅम केला. माऊसची कळ दाबून धरून ओढलें कीं मजकूर निवडला जावा, दोनदां दाबलें कीं सबंध शब्द धरला जावा, आणि कात्री व गोंद घेऊन बसणाऱ्या संपादकाप्रमाणें तो कापून अन्यत्र चिकटवितां यावा, ही आज आपल्याला जन्मजात वाटणारी रीत त्यांतली. टेसलर २०२० सालीं निवर्तला, तेव्हां जगभरच्या वृत्तपत्रांनीं कापणें-चिकटविणें ह्या दोन क्रियांनींच त्याची आठवण काढली.

१९८३ सालीं ॲपलची लिसा आली. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें आपला वर्ड आणि त्याच्या जोडीला आपला माऊस विकावयास काढला. १९८४ च्या जानेवारींत मॅकिंटॉश आला, आणि ही रीत सर्वत्र पसरली. तिच्यांत एक खोड मात्र पुढें शिरली. निवडलेल्या मजकुरावर माऊस पुन्हां दाबून किंचित् हलविला, कीं तो मजकूरच उचलला जातो आणि दुसरीकडे जाऊन पडतो. ज्याचा हात थोडा थरथरतो, त्याच्या लेखांतलीं वाक्यें अशीं नकळत स्थलांतर करतात. हाताला बोल लावण्याचें कारण नाहीं. वर्डच्या पर्यायांत मजकूर ओढून हलविण्याची सोय बंद करतां येते. निवड करतांना आपोआप सबंध शब्द धरण्याची सोयही तेथेंच बंद होते, आणि लागोपाठच्या दोन दाबांमधला अवकाश संगणकाच्या नियंत्रणकक्षांतून वाढवितां येतो. तात्यांच्या यंत्रावर ह्या तीन गोष्टी करावयास पांच मिनिटें लागलीं नाहींत.

तिसरें दुखणें सर्वांत खोल होतें आणि तें खास मराठी होतें. एका सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेचें सात पानी इतिवृत्त तात्यांनीं चार संध्याकाळ बसून लिहिलें. अक्षर जरा मोठें करावें म्हणून सगळा मजकूर निवडला, आणि आकाराच्या चौकटींत क्लिक करावयाचें तें शेजारच्या फाँटच्या नांवांच्या चौकटींत झालें. क्षणार्धांत सातही पानांवर मराठीचें एक अक्षर उरलें नाहीं. रोमन अक्षरें आणि चित्रविचित्र चिन्हें ह्यांचा खच पडला. तात्यांच्या कपाळावर घाम आला. सोसायटीचा कागद आपण बुडविला, अशीच त्यांची समजूत झाली.

वस्तुतः कांहींच बुडालें नव्हतें. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत यंत्राच्या लेखीं मराठी नव्हतीच. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: एका क्रमांकावर अर्धें अक्षर, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर वेलांटी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाँटचें नांव बदललें कीं मुखवटा गळून पडे आणि आंतले रोमन क्रमांक उघडे होत. मजकूर पुन्हां निवडून जुन्या फाँटचें नांव दिलें, आणि सातही पानें जशींच्या तशीं परत आलीं. परंतु ह्याच तुकड्यांमुळें माऊसनें आणखी एक घात होत असे. अक्षर आणि त्याचा काना ह्यांच्यामध्यें क्लिक करून कर्सर बसवितां येई आणि एका दाबानिशीं काना तेवढा नाहींसा करतां येई. टंकलेखनयंत्रावर उमटलेला काना असा गळत नसे.

ह्या गोंधळावर इलाज करण्याचे प्रयत्न आपल्याकडे पूर्वींच सुरू झाले होते. कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलेलें जिस्ट नांवाचें तंत्र, १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढीस लागलें. भारतीय लिप्यांसाठीं एकच संकेत असावा म्हणून भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं इस्की हें प्रमाण ठरविलें, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. विंडोज २००० ह्या प्रणालींत ते घरोघरच्या यंत्रांत उतरले. तिच्याबरोबर आलेला मंगल हा फाँट र. कृ. जोशी ह्या आपल्याच मराठी सुलेखनकाराचा. उपाय जन्माला येऊन तीन वर्षें झालीं होतीं, आणि अकलूजच्या त्या वर्गांत मात्र जुन्या फाँटांचेंच राज्य चालू होतें. ह्यांत कोणा एकाला दोष देतां यावयाचा नाहीं; छापखान्यांचें सारें काम त्याच फाँटांत बांधलेलें होतें, आणि ज्याला पत्रिका छापून घ्यावयाची त्याला छापखान्याचा फाँट वापरणें भाग होतें.

युनिकोडमध्यें लिहिणारे लोक आज नेमकी उलट तक्रार करतात. माऊस जोडाक्षराच्या आंत जातच नाहीं, वेलांटी आणि अक्षर ह्यांच्यामध्यें कर्सर ठरत नाहीं, असें ते म्हणतात. हा बिघाड नव्हे. "कि" ह्या अक्षरांत वेलांटी डोळ्यांना आधीं दिसते, पण यंत्राच्या स्मृतींत ती "क" च्या मागून येते. तेव्हां त्यांच्यामध्यें कर्सर उभा करण्यास जागाच नाहीं. नुसती मात्रा सुधारावयाची असेल, तर कर्सर अक्षराच्या पुढें ठेवून बॅकस्पेस दाबावी. बहुतेक प्रोग्रॅममध्यें शेवटचें चिन्हच तेवढें जातें. अक्षराच्या मागें उभें राहून डिलीट दाबली, तर मात्र सबंध अक्षर जातें. शाळांतून हें कां शिकवीत नाहींत, हें मला न उलगडलेलें कोडें आहे.

गोळ्याचा माऊस आतां क्वचितच दिसतो. १९९९ पासून प्रकाशाचा माऊस सर्वत्र झाला. मायक्रोसॉफ्टचा त्या वर्षींचा माऊस मेजाच्या पृष्ठभागाचीं सेकंदाला सुमारें १५०० चित्रें टिपून आपली गति ठरवी. त्याला धुळीचें भय थोडें; पण कांच किंवा चकचकीत मेज असलें कीं त्याला टिपण्याजोगें कांहीं दिसत नाहीं आणि बाण थरथरूं लागतो. खालीं साधा कोरा कागद ठेवला तरी बहुधा भागतें. आणि एकदां दाबलें असतां दोनदां दाबल्यासारखें होऊं लागलें, तर कळेखालची बारीक पट्टी झिजली असें समजावें. तेथें सेटिंग बदलून फारसा उपयोग होत नाहीं, माऊसच बदलावा.

तात्या ती परीक्षा पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाले. गेल्या वर्षीं सोसायटीच्या कांहीं जुन्या फाइली युनिकोडमध्यें आणण्याचें काम निघालें, तेव्हां तें सात पानी इतिवृत्त माझ्यासमोर पुन्हां आलें. प्रथम नुसती चिन्हें दिसलीं. जुना फाँट शोधून बसविला, तेव्हां ठराव, अनुमोदन, उपस्थिति सर्व वाचतां आलें. तिसऱ्या पानावर एके ठिकाणीं "सभासद" ह्या शब्दांतील "भा" चा काना गळलेला होता आणि तेथें "सभसद" असें राहून गेलें होतें. तात्यांचा माऊस त्या जागीं केव्हां तरी टेकला असावा. मीं काना भरून फाइल परत पाठविली.