गोदावरीच्या अलीकडचा विभाग

घोडेगावला नगरहून संभाजीनगरकडे जाणारी एसटी थांबते, शनिशिंगणापूरचे भाविक उतरतात आणि गाडी पुढे निघते. थोड्या वेळात प्रवरासंगमचा पूल येतो. खाली गोदावरी. अलीकडे नेवासे तालुका, पलीकडे कायगाव. कांद्याच्या गाडीला तो नुसता पूल आहे. आम्ही कॉलेजात कबड्डी खेळायचो तेव्हा मात्र ती हद्द होती. पलीकडच्या पोरांशी आमचा सामना कधी लागलाच नाही. ती मराठवाडा विद्यापीठाची, आम्ही पुणे विद्यापीठाचे. आमच्या वाट्याला सोनई, भेंडे, नेवासे, नगर, संगमनेर. या सगळ्याला म्हणायचं 'नगर विभाग'. विभागाच्या संघात निवड झाली की पुणे शहर, पुणे जिल्हा आणि नाशिक यांच्याशी आंतरविभागीय सामने. त्यातून विद्यापीठाच्या संघात जागा मिळाली, तर पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथे गुजरात-राजस्थानच्या संघांच्या गर्दीत एकदाची मराठवाड्याशी गाठ. नदीपलीकडच्या शेजाऱ्याला भेटायला एवढा वळसा!

हा 'विभाग' आला कुठून, हे मी बरीच वर्षं शोधतो आहे. कारण भाग्यपत्रिका, म्हणजे सामन्यांचा तक्ता, भिंतीवर चिकटली की पोरं आपला पहिला सामना कोणाशी ते बघतात. आपण या कागदावर आलो कसे, हे कोणी बघत नाही.

आमच्या पुलावरची रेघ तर खेळाहून जुनी. अलीकडे इंग्रजी मुलूख, पलीकडे निजामाचं राज्य. नगर कॉलेज 1947 साली निघालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होतं. 1949 साली पुणे विद्यापीठ झालं आणि नगर तिकडे गेलं. पलीकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची होती, 1958 साली त्यांना औरंगाबादला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. मग पुण्याचा पसारा आटत गेला. 1962 साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने दक्षिणेचे जिल्हे घेतले, 1990 साली जळगावच्या विद्यापीठाने खानदेश नेला. उरले पुणे, नाशिक, नगर. प्रत्येक वेळी कारण प्रशासनाचं होतं आणि रास्तही होतं. पण प्रत्येक वेळी मैदानावरचे शेजारी बदलले. कोल्हापूरशी घरच्या स्पर्धेत होणारी झुंज अचानक परक्या विद्यापीठाशी होणारी झुंज झाली.

संघांची वाटणी सर्वांत आधी गाजली ती क्रिकेटमध्ये, आणि ती वाटणी धर्मावर होती. 1892 पासून मुंबई-पुण्यात युरोपियन विरुद्ध पारशी सामने. 1907 साली हिंदू आले, स्पर्धा तिरंगी झाली. 1912 साली मुस्लिम आले, चौरंगी झाली. 1937 साली 'दि रेस्ट' म्हणजे उरलेले सगळे धरले आणि पंचरंगी झाली. संघ वाढत गेले तशी स्पर्धेची रचना वाढत गेली, पण वाटणीचं माप तेच राहिलं. त्या मापाचा सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्यावर काय परिणाम झाला पाहा. ते ख्रिस्ती, म्हणून 'उरलेल्यां'त. 1943 सालच्या अंतिम सामन्यात हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्ट 133 मध्ये गुंडाळले आणि फॉलोऑन घेऊन पुन्हा खेळायला उतरले. दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावा झाल्या, त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकबरोबर तीनशेची भागी झाली, तीत विवेकचा वाटा 21 धावांचा. एवढं करूनही रेस्ट डावाने हरले. हेच हजारे रणजी करंडकात आधी महाराष्ट्राकडून आणि मग बडोद्याकडून खेळत होते. एकाच माणसाला एका स्पर्धेत धर्माने आणि दुसरीत प्रांताने गटात घातलं होतं. महात्मा गांधींनी 1940 साली धर्माच्या गटांना विरोध केला. 1946 साली पंचरंगी संपली, आणि संपली ते फार बरं झालं.

प्रांताची वाटणी टिकली. रणजी 1934 साली सुरू झाली तीच विभागवार, बाद पद्धतीने. हरला की घरी. 1957-58 पासून प्रत्येक विभागात साखळी आली. पश्चिमेत मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. हे पाच जण दर हिवाळ्यात एकमेकांशी खेळणारच, याची खात्री झाली. विदर्भ महाराष्ट्र राज्यातला, पण क्रिकेटच्या नकाशात मध्य विभागात.

आता या मागोव्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. साखळी सुरू झाली तेव्हा विभागातला पहिलाच संघ पुढे जायचा. पश्चिमेत पहिलं येणं म्हणजे मुंबईच्या पुढे जाणं, आणि मुंबईने 1958-59 पासून सलग 15 वेळा करंडक जिंकला. म्हणजे महाराष्ट्राच्या पोरांनी कितीही चांगलं खेळावं आणि हंगाम विभागातच संपावा. 1970-71 साली नियम बदलला. विभागातले दोन संघ पुढे जाऊ लागले. त्याच हंगामाचा अंतिम सामना मुंबई विरुद्ध महाराष्ट्र झाला! महाराष्ट्र हरला, पण आदल्या वर्षीपर्यंत हा अंतिम सामना कागदावरच अशक्य होता. 1992-93 साली दोनाचे तीन झाले आणि त्या हंगामातही महाराष्ट्र अंतिम फेरीत पंजाबशी खेळला. दुसरी वेळ योगायोगाची असेल. पहिली वेळ मात्र कार्यक्रम आखणाऱ्याच्या पेन्सिलीने घडवली, असं मी ठामपणे म्हणतो.

2002-03 साली विभाग मोडून एलिट (वरचा) आणि प्लेट (खालचा) असे गट आले. 2018-19 साली ईशान्येची राज्यं, बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी धरून 9 नवे संघ एकदम आले आणि संख्या 37 झाली, पुढच्या वर्षी चंडीगढ धरून 38. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं तर 703 सामने, प्रत्येक चार दिवसांचा. ते होणे नाही. मग आठ-आठचे चार गट आणि सहा संघांचा प्लेट गट केला, की साखळी 127 सामन्यांत आटोपते. अरुणाचल-मिझोरामच्या पोरांना मैदान मिळालं, हे मोठं काम झालं. त्याची किंमत म्हणजे मुंबई-महाराष्ट्र सामना दर वर्षी होईलच, याची हमी गेली. उलट बाजूने, विभागाच्या भिंती पडल्यामुळेच महाराष्ट्र राज्यातले तिन्ही संघ साखळीत कुठल्याही गटात एकत्र येऊ शकतात.

साखळी आखायची रीत मी एका क्रीडाशिक्षकांकडून वहीच्या पाठकोऱ्या पानावर शिकलो. सहा संघ असतील तर दोन ओळींत तीन-तीन आकडे लिहायचे. एक नंबर जात्याच्या खिळ्यासारखा जागेवर, बाकीचे पाच दर फेरीला एकेक घर सरकवायचे. वर-खाली समोरासमोर येतील त्यांचा सामना. पाच फेऱ्यांत पंधरा सामने पुरे होतात, कोणी राहत नाही, कोणी दुबार येत नाही. पाचच संघ असले तर सहाव्या घरात फुली, आणि फुलीसमोर येईल त्याला त्या फेरीत विश्रांती. हिशेब एवढा सोपा. अवघड असतं ते संघ वाढले आणि दिवस वाढले नाहीत म्हणजे.

प्रो कबड्डीने हे अवघड गणित दोन तऱ्हांनी सोडवलं. 2017 साली संघ आठाचे बारा झाले. त्या वर्षी सहा-सहाचे दोन विभाग केले. आपल्या विभागातल्या पाचांशी तीन-तीन, दुसऱ्या विभागातल्या सहांशी एकेक आणि वर एक जादा. एकूण 22. पुणेरी पलटण आणि यू मुंबा एकाच विभागात, म्हणून साखळीत तीनदा भेटले. 2019 साली विभाग काढून टाकले, प्रत्येकाने अकरा जणांशी दोनदा खेळायचं. बेरीज पुन्हा 22! दमणूक तेवढीच, तिकिटं तेवढीच. पण पहिल्या आखणीत शेजारी जास्त भेटतो आणि दुसरीत न्याय जास्त होतो. माझं मत पहिलीकडे झुकतं. शेजाऱ्याशी तीनदा खेळलेला खेळाडू त्याची चढाई, त्याचा डावा पाय, त्याची खोड ओळखायला लागतो, आणि खरी कबड्डी तिथून सुरू होते.

अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये (त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा) हीच गोष्ट 2024 साली टोकाला गेली. टेलिव्हिजनच्या पैशामागे कॉलेजं जुने गट सोडून गेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-12 मध्ये बारातले दोनच संघ उरले. बिग टेन नावाच्या गटात अठरा झाले. त्यात न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंतची कॉलेजं, म्हणजे एका सामन्यासाठी अख्खा खंड ओलांडायचा. सतरा प्रतिस्पर्धी आणि गटातले सामने नऊच. तरी आखणाऱ्यांनी एक शहाणपण केलं. काही जुन्या वैऱ्यांच्या जोड्या पक्क्या ठेवल्या, त्यांचा सामना दर वर्षी होणारच. बाकीचे आळीपाळीने.

ही पक्की जोडी मला आपल्याकडे हवी आहे. विद्यापीठं बदलू नयेत, विभाग मोडू नयेत. नेवासे तालुक्यातलं एक कॉलेज आणि पलीकडच्या गंगापूर तालुक्यातलं एक कॉलेज, दर डिसेंबरात कबड्डीचा एक सामना, एक वर्ष अलीकडे, एक वर्ष पलीकडे. ना निवड, ना गुण, ना पुढची फेरी. दोन प्राचार्यांची पत्रं, चुन्याची एक गोणी, शिट्टी आणि पंच. दुपारी दोनला पहिली चढाई लागली तर साडेतीनपर्यंत सामना, नंतरचा चहा, सगळं उरकतं. आमची पोरं पाचच्या एसटीने पूल ओलांडून अंधार पडायच्या आत घोडेगावला उतरतात.