शर्यतीचा बैल आणि पशुवैद्यकाचे दायित्व

चैत्र लागला की आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील गावांच्या यात्रा सुरू होतात. लोणावळा परिसरापासून जुन्नर-आंबेगावपर्यंत या यात्रांचे मोठे आकर्षण म्हणजे घाटातील बैलगाडा शर्यत. गेल्या दीड दशकात ही शर्यत न्यायालयात जितकी गाजली, तितकीच ती पशुवैद्यकशास्त्रापुढील एक नैतिक प्रश्न ठरली.

केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळ व प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी कायम केली. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीसाठी नाही, हा त्यामागील एक प्रमुख आधार होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे शर्यती थांबल्याच. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

परवानगीबरोबर जबाबदारीही आली. बैल धावण्यास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला बंधनकारक आहे. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगाळणे, विजेचा धक्का आणि उत्तेजक द्रव्ये यांना मनाई आहे. नियमभंगासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

खरी अडचण मोजमापाची आहे. बैल हा रवंथ करणारा, कळपात राहणारा आणि भ्यायल्यावर पळणारा प्राणी आहे. तो धावला म्हणजे त्याला धावणे आवडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान आणि रक्तातील कॉर्टिसॉल यांवरून ताण अजमावता येतो; परंतु हे सर्व साध्या श्रमानेही वाढतात. त्यामुळे केवळ आकड्यांवरून वेदना आणि श्रम यांतील भेद करता येत नाही. डोळ्यांतील भीती, लंगडणे, धाप, अंगावरील वळ हे सारे प्रत्यक्ष पाहावे लागते. वेदनाशामक देऊन लंगडा बैल उभा केला, तर दाखल्यालाच अर्थ उरत नाही.

२०२२ च्या लम्पी साथीने आणखी एक बाजू दाखवली. चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या विषाणूला आळा घालण्यासाठी राज्यात जनावरांचे बाजार व शर्यती थांबवाव्या लागल्या. गावोगावची जनावरे एकत्र येणे हा रोगप्रसाराचाही प्रश्न आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

शर्यतीमुळे खिल्लार बैल जोपासला जातो, असे गाडामालक सांगतात. ट्रॅक्टरच्या काळात या युक्तिवादात तथ्य आहे. पण जात टिकणे आणि त्या जातीतील एका बैलाला वेदना न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची काळजी मालक आणि समाज घेऊ शकतात; दुसरीसाठी घाटावर उभ्या असलेल्या पशुवैद्यकाने, हजारोंच्या गर्दीसमोर, प्रसंगी नकार देण्याचे धैर्य दाखवणे आवश्यक आहे.